सलग डोंगरवाट आखण्याआधी ती राखणार कोण, हे ठरवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील लांब पल्ल्याच्या डोंगरवाटांवर आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे काही लेख आले आणि त्यांच्या मागोमाग सह्याद्रीतही अशी एक सलग, खुणांनी आखलेली वाट शासनाने तयार करावी, अशी मागणी करणारी वाचकपत्रे आपण प्रसिद्ध केलीत. मागणी स्वागतार्हच आहे. मात्र त्या पत्रांत वाट तयार करणे म्हणजे निधी, निविदा, पायऱ्या, कठडे आणि प्रवेशकमान असे जे गृहीत धरलेले दिसते, त्याबद्दल चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी मूळचा जुन्नर तालुक्यातला. नोकरीनिमित्त बरीच वर्षे पेनसिल्व्हेनियात राहतो. अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची डोंगरवाट माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावरून जाते. तिचे बरेच टप्पे मी सुट्ट्यांमध्ये चाललो आहे आणि येथील एका क्लबाचा सभासद या नात्याने तिच्या एका लहानशा तुकड्याची देखभालही करतो. त्यामुळे लेखांत जे येते त्यापेक्षा थोडी वेगळी बाजू मला रोजच्या कामात दिसते.

ही वाट दक्षिणेला जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर माउंटनपासून उत्तरेला मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. उंचीच्या दृष्टीने तिच्यात हिमालयासारखे काही नाही. कटाडिन १,६०६ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चाळीस मीटरने ठेंगणेच. आणि संपूर्ण वाटेवरील सर्वांत उंच जागा, ग्रेट स्मोकी पर्वतातील कुवोही, २,०२५ मीटरवर आहे. कस लागतो तो लांबीचा आणि अखंड चढउताराचा. एका दमात ही वाट पुरी करायची म्हटले तर पाच ते सात महिने लागतात. बहुतेक लोक मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियातून निघतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मेनमध्ये पोहोचण्याची घाई करतात, कारण त्यानंतर कटाडिनवर हिवाळा उतरतो. दरवर्षी तीन हजारांहून अधिक लोक असा निर्धार करून निघतात आणि त्यांतील साधारण चौथा हिस्सा शेवटपर्यंत जातो.

उरलेले का परततात, याविषयी लेखांत अस्वले, वादळे आणि दुखापती यांची वर्णने असतात. दुखापती होतात हे खरे. गवतातील बारीक गोचिडीमुळे होणारा लाइम आजार तर आमच्या भागात अस्वलापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा आहे. पण वाटेवर भेटलेल्या लोकांशी बोलताना मला वारंवार जाणवले ते कंटाळ्याचे आणि पैशाचे कारण. सह्याद्रीत चालणाऱ्याला दर तासाला एखादा कडा, खाली पसरलेले कोकण, समोर एखादा किल्ला दिसण्याची सवय असते. या वाटेवर आठवडेच्या आठवडे दाट पानझडी रानातून जावे लागते. तिला ‘हिरवा बोगदा’ म्हणतात ते उगाच नाही. एकट्या व्हर्जिनिया राज्यातच तिची सुमारे एक चतुर्थांश लांबी आहे आणि तेथे येईपर्यंत सुरुवातीचे नवेपण सरलेले, शेवट मात्र अजून कल्पनेच्याही पलीकडे, अशी माणसाची अवस्था होते. त्यानंतर आमचे पेनसिल्व्हेनिया येते. येथे चढ फारसे नाहीत, पण ब्लू माउंटनच्या धारेवर कित्येक किलोमीटर नुसते सुटे, टोकदार दगड आहेत. प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागते आणि बुटांचे तळवे येथेच फाटतात.

या वाटेवरचा दिवस अगदी साधा असतो. उजाडताच उठायचे, तंबू गुंडाळायचा, ओंजळभर ओटचा चिवडा किंवा थंड पोळीला शेंगदाण्याचे लोणी लावून खायचे आणि चालू लागायचे. पायांना सवय झाली की दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर पडतात. झऱ्याचे पाणी गाळणीच्या पिशवीतून पिळून घ्यायचे, दुपारी बूट-मोजे काढून पाय वाळवायचे, सायंकाळी नूडल्स किंवा बटाट्याच्या पुडीत गरम पाणी घालायचे आणि अंधार पडला की झोपायचे. रात्रीचे नऊ वाजले की येथे मध्यरात्र झाली असे समजतात. मी स्वतः मेतकूट, झटपट शिजणारा भात आणि घरी भाजून नेलेला सांजा यांवर निभावतो, आणि निवाऱ्यातील शेजारी त्या मेतकुटाकडे पहिल्या दिवशी संशयाने व दुसऱ्या दिवशी आशेने पाहतात, असा माझा अनुभव आहे. चार-पाच दिवसांनी वाट एखाद्या डांबरी रस्त्याला छेदते. तेथून कोणाच्या तरी गाडीतून जवळच्या गावात जायचे, पोस्टात स्वतःच्याच नावाने पाठवून ठेवलेले धान्याचे खोके सोडवायचे आणि अंगावर फक्त पावसाळी कोट ठेवून बाकी सर्व कपडे धुलाईच्या यंत्रात टाकून बसायचे. त्या गावांतील लोकांना आता या दृश्याचे काही वाटत नाही. भूक तर इतकी लागते, की वाटेच्या मध्याजवळ, पाइन ग्रोव्ह फर्नेस येथील दुकानात अर्धा गॅलन, म्हणजे जवळपास दोन लिटर आइस्क्रीम एका बैठकीत संपवण्याची प्रथाच पडली आहे.

मुक्कामासाठी वाटेवर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. तीन बाजूंनी लाकडी किंवा दगडी भिंती, चौथी बाजू उघडी, वर छप्पर आणि खाली फळ्यांची जमीन, एवढाच त्यांचा थाट. आधी येईल त्याला जागा, पण पाऊस लागला की सर्वांनी सरकून घ्यायचे, असा संकेत आहे. प्रत्येक निवाऱ्यात एक वही असते आणि तिच्यात पुढे पाणी कोठे आटले, कोणत्या ओढ्यावर झाड आडवे पडले, कोण मागून येत आहे, हे लिहिले जाते. छताच्या वाशांना दोऱ्या टांगलेल्या असतात. प्रत्येक दोरीच्या मध्यावर पत्र्याचा एक रिकामा डबा पालथा ओवलेला असतो आणि खालच्या टोकाला काडी बांधलेली असते. खाण्याची छोटी पिशवी त्या काडीला अडकवायची, म्हणजे दोरीवरून उतरणारा उंदीर डब्याच्या गुळगुळीत पाठीवर येऊन घसरतो आणि खाली पडतो. अस्वलांचा वावर असेल तेथे मात्र अन्न निवाऱ्यापासून दूर, उंचावरील तारेवर चढवावे लागते किंवा कडीबंद डब्यात ठेवावे लागते. रात्रभर अंगावरून धावणारे उंदीर ही या वाटेवरील सार्वत्रिक तक्रार आहे. अस्वले त्या मानाने सभ्य.

माणसे येथे एकमेकांना खऱ्या नावाने ओळखत नाहीत. प्रत्येकाला वाटेवरचे एक नाव मिळते आणि ते शक्यतो दुसऱ्याने ठेवलेले असावे लागते. मला ‘चाय’ हे नाव मिळाले, त्यात ठेवणाऱ्याची कल्पकता फारशी दिसत नाही हे मान्य आहे. तू काय करतोस, किती कमावतोस, हे विचारण्याची पद्धत नाही. निवृत्त सैनिक, नुकताच पदवीधर झालेला मुलगा, नोकरी सोडून आलेली परिचारिका आणि सत्तरीचे जोडपे एका फळीवर झोपतात. ही वाट एका हंगामात सलग चालून पूर्ण केल्याचे पहिले सांगणे अर्ल शेफर या पेनसिल्व्हेनियातील माणसाचे आहे. तो दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक होता आणि साल होते १९४८. एमा गेटवूड या अकरा मुलांच्या आईने १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, साध्या कापडी बुटांत आणि घरी शिवलेली झोळी खांद्यावर टाकून एकटीने ती पार केली. महागड्या सामानाच्या जाहिराती वाचून दडपून जाणाऱ्यांनी या बाईंची आठवण ठेवावी.

वाट रस्त्याला मिळते तेथे गावकरी कधी फळे, कधी थंड पेये, कधी गरम जेवण घेऊन उभे असतात आणि बदल्यात काही घेत नाहीत. आपल्या लेखकांना याचे फार अप्रूप वाटलेले दिसते. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या अन्नदान पाहिलेल्या मराठी माणसाला ते वाटण्याचे कारण नाही. उलट वारीकडे जरा बारकाईने पाहिले, तर लांब पल्ल्याची वाट कशावर चालते हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे असे म्हणावे लागेल. दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, रथापुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेले, मुक्कामाची गावे ठरलेली आणि त्या गावांत कोणाच्या दारी कोणती दिंडी उतरणार हेही पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे ठरलेले. भाव मोठा असतोच, पण कोणते काम कोणाचे याची स्पष्टता नसती, तर एवढा समुदाय दोन दिवससुद्धा चालू शकला नसता.

ॲपलाचियन ट्रेलच्या बाबतीत हीच स्पष्टता वाटेच्या देखभालीत आहे आणि लेखांत नेमके तेच येत नाही. या वाटेची कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात मांडली. न्यूयॉर्क राज्यातील पहिला तुकडा १९२३ मध्ये खुला झाला, १९२५ मध्ये तिच्यासाठी परिषद स्थापन झाली आणि १९३७ मध्ये वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली. तिला राष्ट्रीय दर्जा देणारा कायदा आला तो १९६८ मध्ये आणि जमिनी विकत घेण्यासाठी भरीव निधीची तरतूद झाली ती १९७८ मध्ये. म्हणजे सरकार आले तेव्हा वाट तयार होऊन तीस वर्षे उलटली होती. तोपर्यंत आणि त्यानंतरही ती राखली आहे ती गावोगावच्या पदभ्रमण क्लबांनी. आज असे तीसेक क्लब आहेत. प्रत्येकाकडे ठरावीक लांबी आहे आणि प्रत्येक क्लबाने आपली लांबी पुन्हा लहान तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकड्यावर एकदोन माणसांची नावे लिहून ठेवली आहेत. राष्ट्रीय उद्यान विभागाशी लेखी करार आहे, कामाचे तास नोंदवावे लागतात, आणि काम करताना स्वयंसेवकाला इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे.

हे काम म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण सह्याद्रीत जे करायचे ते हेच आहे. डोंगरउतारावरील वाट पायांपेक्षा पाण्याने लवकर खराब होते. म्हणून उतारावर ठरावीक अंतराने वाटेत तिरका ओंडका किंवा दगडांची ओळ पुरतात आणि तिच्या वरच्या अंगाला उथळ चर काढतात, म्हणजे वाटेवरून धावणारे पाणी त्या आडबांधाला अडून दरीच्या बाजूला निघून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानगळीत ओक आणि मेपलची पाने या चरात साचतात, त्यांवर पावसाने माती आणि खडी येऊन बसते आणि सगळ्याचा गच्च लगदा होतो. तो वेळीच काढला नाही, तर पुढच्या पावसात पाणी आडबांधावरून उडी मारून वाटेनेच सुटते आणि दोन हंगामांत घोटाभर खोल घळ पडते. मग चालणारे लोक घळ टाळण्यासाठी कडेने चालतात, कडेचे गवत मरते, वाट रुंदावते, आणि जे काम फावड्याने पंधरा मिनिटांत झाले असते त्यासाठी दगड वाहून पायऱ्या रचाव्या लागतात. आमचे अर्ध्याहून अधिक काम म्हणजे ही चर उकरणे. लगदा खालच्या अंगाला टाकायचा, वरच्या अंगाला टाकला तर तो पहिल्याच पावसात परत चरात येतो, एवढे शहाणपण पहिल्या दिवशी शिकवतात.

दुसरे काम खुणांचे. संपूर्ण वाटेवर एकच खूण आहे: दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा उभा पट्टा, झाडावर किंवा खडकावर, डोळ्यांच्या उंचीवर. अशा दीड लाखाहून अधिक खुणा आहेत. झाडाची सुटी साल हलक्या हाताने खरवडायची, खोडाला इजा करायची नाही, कडा सरळ ठेवायच्या. एका खुणेपासून पुढे गेल्यावर दुसरी दिसावी, पण एका जागी उभे राहून चार-चार दिसू नयेत. वळण असेल तेथे एकावर एक दोन पट्टे काढतात, पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यावर निळा पट्टा असतो, आणि वाट बदलली तर जुनी खूण खोडाच्या रंगाने झाकून टाकतात. मेनमधील केनेबेक नदी फार धोक्याची असल्यामुळे वाटसरूंना होडीतून पलीकडे नेतात आणि त्या होडीच्या तळावरही हा पांढरा पट्टा रंगवलेला आहे, म्हणजे नदीतसुद्धा वाट तुटत नाही.

तिसरे काम शौचालयांचे. निवाऱ्याजवळच्या लाकडी खोपटात प्रत्येकाने वापरानंतर मूठभर भुसा किंवा पालापाचोळा टाकायचा असतो, म्हणजे खाली हळूहळू खत होते. ते खत ढवळणे, भरलेला कप्पा मोकळा करणे, हे काम क्लबातले निवृत्त शिक्षक आणि अभियंते नाकाला फडके बांधून करतात. सह्याद्रीतील गर्दीच्या किल्ल्यांवर पाण्याच्या टाक्यांच्या आसपास सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी काय अवस्था असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कामाचे मोल निराळे सांगायला नको. पडलेली झाडे कापण्यासाठी प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागतो. काही भागांत १९६४च्या वन्यप्रदेश (विल्डरनेस) कायद्याने यंत्राला बंदी आहे, तेथे आजही दोन माणसे दोन बाजूंना उभी राहून लांब हातकरवतीने ओंडके कापतात.

या व्यवस्थेची परीक्षा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. हेलेन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी आणि व्हर्जिनियातील वाटेचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, हजारो झाडे पडली आणि टेनेसीतील अर्विन गावाजवळचा नोलिचकी नदीवरील पूल वाहून गेला. त्यानंतर वाटसरूंना होडीने पलीकडे नेण्याची सोय करावी लागली. त्या भागातील क्लबांच्या सभासदांची स्वतःची घरेदारेही पुराने गेली होती. तरीही पुढच्या वसंतापर्यंत बराच भाग चालण्याजोगा झाला, कारण कोणत्या तुकड्यावर कोणी जायचे याची यादी वादळाच्या आधीपासूनच तयार होती.

एवढे कौतुक केल्यावर दोन अप्रिय गोष्टीही नोंदवल्या पाहिजेत, नाहीतर हे पत्र म्हणजे परदेशस्थाने मायदेशाला दिलेला आणखी एक उपदेश ठरेल. पहिली गोष्ट रस्त्याची. १९३०च्या दशकात व्हर्जिनियातील शेनान्डोआ येथे डोंगराच्या माथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटाररस्ता काढण्यात आला आणि त्याने वाटेची मूळ धार गिळली. मकाय यांचा त्याला कडाडून विरोध होता. परिषदेचे अध्यक्ष मायरन एव्हरी, ज्यांनी मोजणीचे चाक हाती धरून वाटेचा बहुतांश भाग स्वतः मोजला, त्यांनी सरकारशी भांडण्यापेक्षा वाट थोडी सरकवून घेणे पसंत केले. दोघांचे बिनसले ते कायमचेच. माझे मन मकाय यांच्याकडे ओढते, पण एव्हरी नसते तर वाट कागदावरच राहिली असती हेही तितकेच खरे. आज शेनान्डोआत वाट पुनःपुन्हा तो रस्ता ओलांडते आणि रानाच्या शांततेत मोटारसायकलींचा आवाज ऐकू येतो. किल्ल्याच्या माथ्यापर्यंत गाडी जावी असा आग्रह धरणाऱ्या आपल्याकडील लोकप्रतिनिधींनी ते एकदा ऐकून यावे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. त्याच शेनान्डोआच्या राष्ट्रीय उद्यानासाठी डोंगरातील शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. कित्येकांच्या जमिनी कायद्याच्या बळावर घेतल्या गेल्या. त्याच्या शंभर वर्षे आधी दक्षिणेकडील डोंगरांतून चेरोकी लोकांना हाकलण्यात आले होते. ज्या शिखराला दीडशेहून अधिक वर्षे एका गोऱ्या सेनानीचे नाव होते, त्याला कुवोही हे मूळ चेरोकी नाव परत मिळाले ते २०२४ मध्ये. या वाटेवरचा निर्मनुष्य रानपट्टा, ज्याचे वर्णन आपण कौतुकाने वाचतो, तो सगळीकडे निसर्गतः निर्मनुष्य नव्हता. सह्याद्रीत असा पट्टा मोकळा करण्याची कल्पनाही कोणी करू नये. आपला डोंगर महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्यांचा आहे आणि आपल्या बहुतेक वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या आहेत.

त्या वाटांची आजची स्थिती मात्र काळजीची आहे. नाणेघाटासारखी सातवाहनकालीन वाट पर्यटकांमुळे टिकून आहे. पण घाटावरून कोकणात बाजाराला, सोयरिकीला, गुरे घेऊन उतरणारी माणसे आता एसटीने किंवा दुचाकीने वळसा घालून जातात आणि लहान घाटवाटा वापरातून गेल्या आहेत. पावसाळ्यानंतर कारवी आणि घाणेरी वाटेवर वाढते, नाळेतील, म्हणजे कड्यातून उतरणाऱ्या अरुंद घळीतील, दगड सरकतात, पदरातील, म्हणजे कड्याखालच्या सपाट पट्ट्यातील, ढोरवाटा एकमेकींत मिसळून जातात आणि पुढच्या वर्षी आलेला ट्रेकर चुकतो. चुकू नये म्हणून प्रत्येक गट आपापल्या रंगाचे बाण तेलरंगाने खडकांवर, कधी लेण्यांच्या भिंतींवरही काढतो, किंवा प्लॅस्टिकच्या फिती झाडांना बांधून तशाच सोडून जातो. काही ठिकाणी पठारावर भूखंड पाडून घातलेल्या कुंपणाने जुनी वाट मध्येच बंद झाली आहे. दुर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या संस्था टाक्यांतील गाळ काढतात, तटबंदीवरची झाडी काढतात, ते काम मोठेच आहे. राज्य संरक्षित स्मारकाचे पालकत्व घेण्याची शासकीय योजनाही आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यापासून किल्ल्यांकडे लक्ष आणि पैसा दोन्ही वळले आहेत. पण दोन किल्ल्यांमधली वाट कोणाच्याच खात्यावर नाही. ती काही अंतर वनखात्याच्या हद्दीतून, काही अंतर मालकीच्या रानातून, काही अंतर अभयारण्यातून जाते आणि तिच्यावर दरड आली तर कोणाला कळवायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून साल्हेरपासून सुरुवात करून हजार किलोमीटरचे नकाशे रंगवण्याऐवजी आधी एकच टप्पा हाती घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. भीमाशंकरहून आहुपे, दुर्ग-ढाकोबा, हातवीज, जीवधन-नाणेघाट, माळशेज आणि खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगड हा टप्पा त्यासाठी योग्य आहे. रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेवरून अनेक दिवसांची सलग चाल, करणारे लोक तो आजही चालतात आणि मुक्कामाच्या अंतरावर गावे आहेत. येथे निवारे बांधू नयेत. पिठले-भाकरी आणि झोपायला ओसरी देणारी घरे असताना निवारा बांधणे म्हणजे त्या घरांचे उत्पन्न बुडवणे होय. प्रत्येक गावाच्या शिवारातील वाटेची देखभाल त्या गावाकडे, शक्यतो वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेकडे किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे, लेखी कराराने द्यावी आणि त्या कामाची मजुरी द्यावी. अमेरिकेतील माझे सहकारी फुकट काम करतात, कारण त्यांना निवृत्तिवेतन आहे. भाताची कापणी तोंडावर असलेल्या आदिवासी शेतकऱ्याकडून सेवाभावाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण संस्थांनी दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे पाऊस संपून वाट झाडीखाली गेलेली असते तेव्हा, त्या त्या गावाच्या सोबतीने आपल्या वाट्याच्या तुकड्यावर यावे. कारवी कापणे, पाण्याच्या चरी काढणे, सरकलेले दगड बसवणे, एवढेच काम करावे. खूण एकच असावी, सर्वांना मान्य असावी आणि लेणी, तट, टाकी यांवर ती कदापि नसावी. काँक्रीटच्या पायऱ्यांचा मोह तर कटाक्षाने टाळावा. कातळटप्प्यावर जीव वाचवणारी शिडी किंवा साखळी वेगळी आणि मातीच्या सोंडेवर ओतलेल्या पायऱ्या वेगळ्या. दोन पावसाळ्यांत त्यांच्या कडेची माती वाहून जाते आणि लोक पायऱ्यांच्या बाजूने नवी वाट पाडतात, हे आज कितीतरी किल्ल्यांवर पाहायला मिळते.

खर्चाचा प्रश्न येईल. कमान आणि फलक यांच्यासाठी एकदा निधी मिळतो, उद्घाटन होते, छायाचित्रे येतात. दर पावसाळ्यानंतरच्या फावड्या-कोयत्याच्या कामासाठी अंदाजपत्रकात ओळच नसते. तेव्हा या टप्प्यासाठी जो काही निधी मंजूर होईल, तो पहिली तीन वर्षे केवळ देखभालीच्या मजुरीसाठी राखून ठेवावा आणि त्या काळात एकही नवे बांधकाम करू नये, अशी अट मंजुरीतच घालावी. त्याआधी वनविभागाने आणि पुणे, ठाणे व अहिल्यानगर या तीनही जिल्ह्यांच्या महसूल यंत्रणेने या टप्प्यावरील वाट कोणत्या गट क्रमांकातून, कोणाच्या मालकीतून जाते, याची यादी प्रसिद्ध करावी. आपले वार्ताहर या तीनही जिल्ह्यांत आहेत. अशी यादी आज कोणत्या कार्यालयात उपलब्ध आहे का, एवढी चौकशी त्यांनी करून ती बातमी आपण छापलीत, तर या चर्चेला काही ठोस आधार मिळेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
ॲलनटाउन, पेनसिल्व्हेनिया (मूळ गाव : ता. जुन्नर, जि. पुणे)